शकुंतला आगगाडी रुळावरून उतरवायची असेल, तर...

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवारच्या पुरवणीत 'सुपर ८' या २०११ सालच्या अमेरिकी चित्रपटावर लेख आला आहे. त्यातले कौतुक पटले, निष्कर्ष पटला नाही. मुलांची अशी विज्ञानसाहसकथा आपल्याकडे करायची तर कोट्यवधी रुपये आणि संगणकावर बसणारी फौज लागेल, असे लेखात म्हटले आहे. जे. जे. अब्राम्स यांच्या मोठ्या चित्रपटाला ते सगळे लागलेच. पण त्या चित्रपटाच्या पोटात आणखी एक चित्रपट आहे. ओहायोतल्या लिलियन या काल्पनिक गावची शाळकरी पोरे १९७९च्या उन्हाळ्यात स्वतःचा भुताखेतांचा सिनेमा काढत असतात आणि अखेरीस श्रेयनामावलीबरोबर तो आपल्याला बघायलाही मिळतो. त्यांच्यातला 'जो' (Joe) नावाचा मुलगा चेहरे रंगवतो आणि छोटी मॉडेल बनवतो. आमच्या मते शिकण्यासारखा सिनेमा तो आहे. यवतमाळ, वाशिम, अमरावतीकडच्या जिल्हा परिषद शाळेतली सातवी-आठवीची मुले तसा सिनेमा करू शकतात. सामान बहुतेक वावरातच असते. मात्र मॉडेल केवढे करायचे आणि फोन कोणत्या वेगाने चालवायचा, हा हिशेब जुळला पाहिजे. बहुतेक प्रयत्न तिथेच फसतात, म्हणून तो इथे सविस्तर देत आहोत.

आधी एक दुरुस्ती. लेखात मुलांच्या हातातल्या यंत्राला 'व्हिडिओ कॅमेरा' म्हटले आहे. तो फिल्मचा कॅमेरा आहे. कोडॅकने १९६५ मध्ये सुपर ८ ही फिल्म बाजारात आणली. तिच्या डबीत ५० फूट फिल्म, म्हणजे ३,६०० चित्रे. सेकंदाला १८ चित्रांच्या गतीने ती ३ मिनिटे २० सेकंदांत संपते. मग फिल्म धुवायला पाठवायची आणि वाट बघायची. एवढ्या काटकसरीमुळे त्या काळची मुले आधी तालीम करत आणि मग बटण दाबत. आजचा फोन तासन्‌तास चालतो, त्यामुळे मुले चाळीस वेळा तेच चित्रित करतात आणि निवडायला कोणी बसत नाही. आमची सूचना अशी की प्रत्येक प्रसंगाला ३ मिनिटे २० सेकंदांचेच कच्चे चित्रण द्यावे. एका मुलाला घड्याळ देऊन बसवावे. ते संपले की प्रसंग संपला.

आता गोष्ट कुठली घ्यायची? अमेरिकेतले मेलेले उठून चालणारे लोक इथे आणण्यात अर्थ नाही. त्याच १९७९ सालात आपल्या आभाळातही एक गोष्ट होती. सुमारे ७७ टनांची स्कायलॅब ही अंतराळ प्रयोगशाळा खाली येणार, ती कुठे पडेल सांगता येत नाही, अशा बातम्या आकाशवाणीवर येत होत्या आणि देशभर धास्ती होती. ११ जुलैला, आपल्या घड्याळाप्रमाणे रात्री दहाच्या सुमारास, ती वातावरणात शिरली आणि तिचे तुकडे हिंदी महासागरात व ऑस्ट्रेलियाच्या पश्चिम भागात पडले. आपल्याकडे काही पडले नाही. पण पडले असते तर? आणि तेही मूर्तिजापूरहून यवतमाळकडे निघालेल्या शकुंतलेच्या रुळावर पडून गाडी घसरली असती तर? सुमारे १९० किलोमीटरची, अचलपूर–मूर्तिजापूर–यवतमाळ अशी ही अरुंद रुळांची गाडी त्या काळी वाफेच्या इंजिनावर चालत होती. वाफेचे इंजिन १९९४ मध्ये गेले. मुलांना आजी-आजोबांकडून तिची माहिती मिळते आणि रुळांचे, स्टेशनांचे अवशेष अजून डोळ्यांनी बघता येतात. आभाळातून खरेच काही पडल्यावर ते कसे दिसते, याचाही नमुना विदर्भातच आहे. २ एप्रिल २०२२ रोजी, गुढीपाडव्याच्या संध्याकाळी, चंद्रपूर जिल्ह्यात सिंदेवाही तालुक्यातल्या लाडबोरीला धातूचे सुमारे तीन मीटर व्यासाचे कडे पडले. ते चिनी रॉकेटचे असल्याचे अभ्यासकांनी सांगितले. त्याची छायाचित्रे मुलांना दाखवा. कडे चेपलेले नसते, काळवंडलेले आणि कडेला फाटलेले असते. तोच तुमच्या 'स्कायलॅबच्या तुकड्या'चा नमुना.

काळ जुना दाखवायचा असेल तर जुन्या सायकली आणि कंदील गोळा करण्याआधी वावराकडे बघा. गोष्ट जुलैची आहे. तेव्हा पराटी (कपाशीचे झाड) वीतभर असते. पांढरी बोंडे फुटलेला कापूस दाखवला की प्रत्येक शेतकरी प्रेक्षक हसणार. सोयाबीनही नको, १९७९ मध्ये इकडे मुख्यतः कापूस, ज्वारी आणि तूर होती. मोबाइलचा टॉवर, सिमेंटचा रस्ता, निळी प्लास्टिकची टाकी, ठिबकच्या काळ्या नळ्या चौकटीत येऊ देऊ नका. घरात टीव्ही नको, रेडिओ हवा.

आता हिशेबाचा मूळ मुद्दा. खरी वस्तू पाच मीटर उंचीवरून पडायला साधारण एक सेकंद लागतो. तिचे सोळाव्या हिश्श्याचे मॉडेल केले तर ती उंची ३१ सेंटीमीटर होते आणि तेवढे पडायला पाव सेकंद पुरतो. गुरुत्वाकर्षण मॉडेलसाठी कमी होत नाही. म्हणून खेळण्यातला डबा कसाही रंगवला तरी तो खेळण्यासारखाच टुणकन पडतो. यावर उपाय एकच, वेळ ताणणे. किती ताणायची, तर मॉडेल जेवढ्या पट लहान त्याच्या वर्गमुळाइतकी. सोळा पट लहान असेल तर चार पट. साधा फोन सेकंदाला ३० चित्रे घेतो, 'स्लो मोशन'मध्ये १२०. म्हणजे बरोबर चार पट. म्हणून आमचा आग्रह १:१६ या प्रमाणाचा आहे. १:१०चे मॉडेल केले तर १२० चित्रांत ते पिसासारखे तरंगते, १:३०चे केले तर पुन्हा टुणकन उडते. २४० चित्रे घेणारा फोन असेल तर आठ पट वेळ आणि १:६४ प्रमाण, म्हणजे जत्रेत मिळणाऱ्या लहान लोखंडी मोटारींच्या आसपास. पण एवढ्या लहान मॉडेलवर बारकावे करता येत नाहीत आणि प्रकाशही दुप्पट लागतो. त्या वाटेला जाऊ नये.

इथे दोन फसगती होतात. काही फोन १२०चा आव आणतात, पण मधली चित्रे स्वतःच्या मनाने भरतात. हे ओळखायला सायकल उलटी उभी करा, मागच्या चाकावर एका जागी पांढरी पट्टी चिकटवा, चाक जोरात फिरवून चित्रित करा आणि एकेक चित्र पुढे सरकवून बघा. पट्टी दर चित्राला सारखी पुढे गेली तर फोन खरा. दर दुसऱ्या चित्रात पट्टीच्या दोन फिकट सावल्या दिसल्या तर तो फोन बाजूला ठेवा. दुसरी फसगत संकलनात होते. काही फोन फाइल जतन करतानाच ती मंद करून ठेवतात आणि मुले ॲपमध्ये तिचा वेग पुन्हा पाव करतात. मग गाडी सोळा पट हळू होते आणि सगळ्यांना वाटते मॉडेलच बिघडले. आधी मोजा: दोन टाळ्यांमध्ये एक सेकंद ठेवून चित्रित करा, फाइलमध्ये तेच अंतर चार सेकंदांचे असेल तर ती आधीच मंद झालेली आहे.

शकुंतलेच्या दोन रुळांमधले अंतर ७६२ मिलिमीटर. भागिले सोळा, म्हणजे साधारण ४८ मिलिमीटर. रुळांसाठी कुंपणाची ८ नंबरची तार घ्यावी, ती चार मिलिमीटर जाडीची असते. ती वेटोळ्यात येते आणि हाताने सरळ केली तर लाटा राहतात. एक टोक झाडाच्या बुंध्याला बांधा, दुसरे पहारीला गुंडाळा आणि दोघांनी पहार ओढा. तार एका दमात सरळ होते. ओढताना तारेच्या रेषेत कोणाला उभे राहू देऊ नका, टोक निसटले तर डोळ्यावर येते. स्लीपर म्हणून आइस्क्रीमच्या काड्या साडेनऊ सेंटीमीटरवर कापा आणि साडेचार सेंटीमीटर अंतराने लावा. चार मीटर मार्गाला नव्वदेक काड्या लागतात. रूळ काड्यांना गरम गोंदाच्या बंदुकीने चिकटवण्याचा मोह होतो. एप्रिलच्या उन्हात तार एवढी तापते की तो गोंद मऊ होतो आणि रूळ फाकतात. दर पाचव्या काडीला बारीक बाइंडिंग तारेने बांधा, मधल्या काड्यांना एम-सील पुरते.

चाकांसाठी पाण्याच्या बाटलीची झाकणे, व्यास तीस मिलिमीटर. प्रत्येक झाकणाच्या आतल्या बाजूला ३६ मिलिमीटरची, दोन मिलिमीटर जाड पुठ्ठ्याची चकती चिकटवा. तीच चाकाला रुळावर धरून ठेवते. आस म्हणून सायकलचा स्पोक, तो मोकळा फिरेल अशा नळीतून घातलेला. समोरासमोरच्या दोन चकत्यांच्या बाहेरच्या कडांमधले अंतर ४५ मिलिमीटर ठेवा. रूळ ४८ला आहेत, त्यामुळे तीन मिलिमीटर खेळ राहतो. खेळ एक मिलिमीटरवर आणला की तारेची एखादी लाट लागताच गाडी अडते. झाकणाला भोक मध्यावर पडले नाही तर डबा लंगडतो आणि चारपट मंद केल्यावर ते लंगडणे फारच दिसते. म्हणून भोक पाडताना झाकण कागदावर ठेवून गोल काढा, त्याचा मध्य काढा आणि तापलेल्या दाभणाने छेद घ्या.

डब्याच्या सांगाड्याला बांबूच्या कमच्या आणि चांगला फेव्हिकॉल. भिंतींसाठी मात्र ज्वारीचे धांडे. धांड्याची साल सोलून उभ्या पट्ट्या केल्या की त्या लाकडी फळ्यांसारख्या दिसतात. तान्ह्या पोळ्याच्या दिवसांत धांड्यांची बंडी (बैलगाडी) करणाऱ्या पोरांना हे काम शिकवावे लागत नाही. या पट्ट्या फेव्हिकॉलने नव्हे, कणकेच्या पातळ खळीने चिकटवायच्या आणि आतून ब्लेडने अर्ध्यापर्यंत चिरे द्यायचे. घट्ट चिकटवलेला डबा अपघातात आख्खाच्या आख्खा कलंडतो. कलंडलेला डबा ही गोष्टच नाही. फळ्या सुटल्या पाहिजेत, एखादी उभी फाटली पाहिजे.

वजनाकडे सगळे दुर्लक्ष करतात. लांबी सोळा पट कमी, तर वजन सोळा गुणिले सोळा गुणिले सोळा, म्हणजे ४,०९६ पट कमी. दहा टनांचा डबा धरला तर मॉडेल सुमारे अडीच किलोचे हवे. पुठ्ठा आणि धांड्यांचा डबा तीनशे-चारशे ग्रॅमचाच भरतो. उरलेले वजन रेतीच्या पिशव्यांनी, तळाशी, चाकांच्या मध्ये भरा. वर भरले तर डबा सरळ मार्गावरच डुलतो. इंजिनात खिळे-नटबोल्ट भरून त्याला डब्याच्या दीडपट वजन द्या, म्हणजे ते अडल्यावर मागचे डबे त्याच्यावर चढतात. जोडणीला साधा शिवणाचा एकेरी दोरा पुरतो. तो ओढायला चालतो आणि हिसक्याला तुटतो. नायलॉनचा दोरा लावला तर डबे माळेसारखे एकामागून एक घसरतात.

रंग पोस्टरचे. ऑइल पेंट चकाकतो आणि त्या चकाकीतून मॉडेल उघडे पडते. काळ्यात थोडी राख आणि गेरू मिसळून खालच्या भागावर सुक्या कुंचल्याने मारले की वर्षानुवर्षांची काजळी आणि गंज दोन्ही होतात.

जमिनीसाठी काळी माती तशीच टाकू नये. अर्धा इंची ढेकूळ पडद्यावर वीतभराचे दिसते आणि ओली माती वाळली की तिला पडणाऱ्या भेगा भूकंपाच्या वाटतात. पिठाच्या चाळणीने चाळलेली माती तीन भाग, बारीक रेती एक भाग आणि राख अर्धा भाग असे मिश्रण भेगाळत नाही. रुळांखाली खडीच्या जागी चाळून उरलेला चुरा. झाडांसाठी पराटीचे वरचे शेंडे. ३५ ते ४० सेंटीमीटरचा शेंडा पडद्यावर सहा मीटरचे झाड होतो आणि त्याची फांद्यांची ठेवण झाडासारखीच असते. तुराट्या (तुरीच्या काड्या) सरळसोट, त्या तारेच्या खांबांसाठी बऱ्या. वीतभर पराटीचे वावर हवे तर ट्रेमध्ये माती घालून ओळीने मोहरी पेरा. तीन-चार दिवसांत ती सेंटीमीटरभर होते आणि तेवढीच हवी. आठ दिवस ठेवली तर जुलैचे वावर सप्टेंबरचे होते. चित्रण सुरू करण्याआधी मुंगळे झटकायला विसरू नका. सेंटीमीटरभराचा मुंगळा रुळावरून गेला की पडद्यावर मांजराच्या पिल्लाएवढे जनावर फिरते, आणि ते नेमके संकलनाच्या वेळी दिसते.

गाडीचा वेग ताशी वीस किलोमीटर धरला तर मॉडेलसाठी तो सेकंदाला सुमारे १.४ मीटर होतो. दोरीने ओढून हा वेग सारखा राखता येत नाही. चौकटीबाहेर दीड-दोन मीटरचा उतार करा आणि वरच्या टोकाची उंची वीस सेंटीमीटर ठेवून गाडी सोडा. हिशेबाने दहा सेंटीमीटर पुरतात, उरलेले घर्षण खाते. चार मीटरचा सपाट मार्ग गाडी तीन सेकंदांत पार करते, पडद्यावर ते अकरा-बारा सेकंद होतात. अपघात स्वतः दीड सेकंदाचा, पडद्यावर सहा सेकंद. याहून जास्त लांबी लागत नाही.

घसरवण्यासाठी रूळ पूर्ण काढू नये. गाडी जिथे घसरायची तिथे एका रुळाचा बोटभर तुकडा कापून एका बाजूला दोन सेंटीमीटर वळवा आणि पुढे मातीत विटेचा तुकडा पुरा. त्या जागी 'स्कायलॅब'चे कडे आडवे पडलेले. तीन मीटरचे कडे १:१६ मध्ये १९ सेंटीमीटरचे होते. कशिद्याची लाकडी रिंग त्याच मापाच्या जवळ मिळते. तिच्यावर पातळ पत्रा गुंडाळून मेणबत्तीवर काळा करायचा, हे काम शिक्षकाने करावे.

धूळ उडण्यासाठी फटाके, पेट्रोल किंवा पीठ वापरू नये. आग छोटी केली की तिच्या ज्वाळा छोट्या आगीच्याच दिसतात आणि पाण्याचे थेंब मॉडेलच्या मानाने फार मोठे दिसतात. त्यामुळे आग आणि पूर एवढ्या लहान मॉडेलमध्ये सहसा खरे वाटत नाहीत. हवेत उडालेले पीठ ठिणगीने भडकते, हा धोका वेगळाच. सायकलच्या पंपाला रबरी नळी जोडा, तिचे तोंड मातीच्या पातळ थराखाली ठेवा आणि इंजिन विटेला लागताच एक जोरदार दट्टा मारा. चाळलेली माती आणि राख सुरेख उसळते. दोन पंप दोन जागी असतील तर अधिक चांगले. इंजिनाच्या धुराड्यात दोन धूपकांड्या चालतात, मागून ऊन असेल तर धूर दिसतो. धुराड्याला कापूस लावणे सोडून द्या.

अपघात एकदाच होतो. भिंती न लावलेल्या नुसत्या सांगाड्यांवर रेती लादून जेवढ्या तालमी करायच्या तेवढ्या करा. खऱ्या वेळी दोन फोन लावा, जमल्यास तीन. उभ्या माणसाची नजर साधारण दीड मीटरवर असते, म्हणजे मॉडेलपाशी भिंग जमिनीपासून साडेनऊ सेंटीमीटरवर हवे. फोन उलटा धरला की भिंग खाली येते आणि विटेला टेकवून तो नीट बसतो. चित्र नंतर फिरवून घ्यावे. वरून खाली पाहणारा एकही कोन नको, तो लगेच टेबलावरचा खेळ वाटतो. फोन मॉडेलपासून मीटरभर तरी दूर असावा. फार जवळ गेले की पुढचे स्पष्ट आणि मागचे पुसट होते आणि तीच लहानपणाची खूण ठरते. महागड्या मोठ्या कॅमेऱ्यापेक्षा या कामाला फोनच बरा. त्याचा सेन्सर लहान असल्याने दूरवरचेही स्पष्ट राहते.

१२० चित्रांना भरपूर प्रकाश लागतो. खोलीत ट्यूब किंवा एलईडी लावून चित्रण केले तर पडदा लुकलुकतो. आपली वीज ५० हर्ट्झची असल्याने साधे दिवे सेकंदाला शंभरदा कमी-जास्त होतात, फोन १२० चित्रे घेतो, फरक वीसचा. चार पट मंद केल्यावर सेकंदाला पाच झटके डोळ्यांना स्पष्ट दिसतात. तेव्हा ऊनच घ्यावे. सकाळी साडेसहा ते नऊ ही वेळ चांगली, वाराही कमी असतो. दुपारी फोन तापून स्वतःहून बंद पडतो.

पण गोष्ट रात्रीची आहे. ती दिवसाच करायची. ११ जुलै १९७९ला गुरुपौर्णिमा होऊन दोनच दिवस झाले होते, म्हणजे रात्री दहाला पूर्वेकडे मोठा चंद्र असणार. हे फार सोयीचे आहे. सूर्य मॉडेलच्या मागे एका अंगाला ठेवा, फोनवर प्रकाश (एक्सपोजर) कुलूपबंद करून दोन टप्पे खाली आणा, रंग निळसरपणाकडे झुकवा आणि आभाळ चौकटीत अजिबात घेऊ नका. डब्यांच्या कडांवर पडलेले ऊन चांदण्यासारखे दिसते. खिडकीतला कंदील उन्हापुढे फिका पडतो. त्याऐवजी खिडकीच्या आत चॉकलेटच्या चंदेरी कागदाचा तिरका तुकडा आणि त्यावर पिवळा जिलेटिन कागद लावा.

मुले आणि पडलेले इंजिन एकाच चौकटीत दाखवायचे असेल तर तेही जमते. मॉडेल भिंगापासून एक मीटरवर, मुले त्याच्या सोळा पट दूर, म्हणजे सोळा मीटरवर. भिंग जमिनीपासून दीड मीटरवर असेल तर मॉडेलचे टेबल १ मीटर ४० सेंटीमीटर उंच हवे. टेबलाची पलीकडची कड चाळलेल्या मातीने आणि गवताच्या बारीक काड्यांनी झाका, ती मागच्या धुऱ्याशी मिळाली की सांधा दिसत नाही. इथे दोन पथ्ये आहेत. फोन केसभरही हलवायचा नाही, हलला की जवळचे आणि दूरचे वेगवेगळे सरकते. आणि या चौकटीत मॉडेल स्थिर हवे, चित्रण नेहमीच्या ३०च्या गतीने. १२०ने घेतले तर मुलेच तरंगायला लागतील.

आवाजाबद्दल थोडेच. मंद चित्रणातला आवाज टाकून द्यायचा असतो. संवाद दुसऱ्या फोनवर, तोंडापासून वीतभर अंतरावर, वेगळे घ्या आणि सुरुवातीला एक टाळी वाजवा, म्हणजे जुळवता येते. वेचणीच्या दिवसांत ज्या घरात कापूस भरलेला असतो ती खोली यासाठी सर्वांत चांगली. कापूस आवाजाचा प्रतिध्वनी खातो. त्या खोलीत विडी, अगरबत्ती, दिवा काहीही नेऊ नये, एवढे पाळा. गाडी आदळल्याचा आवाज हवा तर लोखंडी पेटीवर साखळी आपटून घ्या आणि तो निम्म्या वेगाने वाजवा. तो एक सप्तक खाली उतरतो आणि वजनदार होतो.

शेवटी दाखवण्याविषयी. लेख वाचून काही गावांत 'सुपर ८' चौकात पडद्यावर लावायची तयारी होऊ शकते. तसे परवानगीशिवाय करता येत नाही. १९५७च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ मधली सवलत शाळेच्या कामकाजाचा भाग म्हणून, आणि प्रेक्षक विद्यार्थी, शिक्षक, पालक व शाळेशी संबंधित माणसे एवढेच असतील तेव्हा लागू होते. गाव बोलावले की ती सुटते. शिवाय अमेरिकेत हा चित्रपट तेरा वर्षांखालच्या मुलांसाठी पालकांना सावध करणाऱ्या वर्गात आहे. त्यात शिव्या आहेत आणि भीतीही बरीच आहे, तेव्हा चौथीच्या वर्गाला तो नको. मुलांनी स्वतः केलेल्या चित्रपटाला मात्र ही बंधने नाहीत. फक्त त्यात कोणाचे सिनेगीत घालू नका. तो चौकात दाखवताना पडदा पूर्वेकडे तोंड करून बांधा, म्हणजे मावळतीचा उजेड त्याच्या मागे राहतो आणि कापडातून पलीकडचा प्रकाश दिसू नये म्हणून मागे काळी ताडपत्री लावा. पडद्याच्या खालच्या कडेला दोरी ओवून ती दोन विटांना बांधली नाही तर पहिल्याच झुळकेला शकुंतला लाटांवर चालायला लागते. पावसाळ्यात प्रोजेक्टरच्या झोतात पाखरे येतात. दहा-बारा मीटर बाजूला एक उघडा पांढरा दिवा जळत ठेवला की बरीचशी तिकडे जातात.

आपले,
मुलांसोबत लघुपट करणारे काही शिक्षक
दारव्हा, जि. यवतमाळ